तळछाप

मांगडे फूटवेअरमधली घासाघीस बंद झाली, ही गोष्ट सगळ्यात आधी खुद्द बाबूराव मांगड्यांच्या लक्षात आली. बार्शीच्या बाजारात चपलेचा जोड घ्यायचा म्हणजे तो आधी तीनदा खाली ठेवायचा, दुकानाची पायरी उतरून चालू लागायचं आणि मागून हाक आली की तोंड पाडून परत चढायचं, अशी रीत. पण एप्रिलच्या त्या सोमवारी एक बाई आली, जोड पायात घालून बघितला, सांगितली ती किंमत दिली आणि गेली. तिच्यामागून आलेल्या मास्तरांनीही तेच केलं. दुपारपर्यंत नऊ गिऱ्हाइकं अशी आली नि गेली. सकाळपासून एकदाही 'परवडत नाही हो' म्हणायची वेळ न आल्यामुळे बाबूरावांना जेवताना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी ते रस्ता ओलांडून समोरच्या सुरवसे पब्लिसिटीत गेले. काउंटरमागे जयमाला सुरवसे बसली होती. सेहेचाळीस वर्षांची, अंगाने किरकोळ, कपाळावर फलक काढायच्या यंत्राचा गोल पट्टा अजून तसाच.

"वहिनी, तुमच्या फलकाची कमाल ओ," बाबूराव म्हणाले. "गिऱ्हाईक येतंय, फलकाकडं बघतंय, आन् गप आत शिरतंय. भाव न्हाई, भांडण न्हाई. असलंच अजून एक काढा. मागल्या गल्लीच्या तोंडाला लावतो."

"बरं," जयमाला म्हणाली. तिला आनंद झाला नाही. गेले तीन महिने तिला काहीच झालं नव्हतं, तेव्हा यात नवल नव्हतं.

फलक साधाच होता. उंबऱ्याशी काढून ठेवलेला चपलांचा एक जोड, मागे मातकट रंगाची भिंत आणि वर भरपूर मोकळी जागा. खाली दुकानाचं नाव. त्याच्यासमोर माणूस क्षणभर थांबे आणि मग त्याला काही नकोसं होई. नकोसं म्हणजे कंटाळा नव्हे. काही मागावं, हिसकावं, कुणाला चार शब्द सुनवावेत, ही जी माणसाची रोजची खाज असते, तीच उतरून जाई. अशा माणसाला चपला हव्या असतील तर तो चपला घेई आणि घरी जाई.

जयमालाला चित्रकलेचा गंध नव्हता. शाळेत तिने काढलेला आंबा मास्तरांनी वांगं म्हणून तपासला होता. रंग, अक्षरं, मांडणी हे सगळं तिच्या नवऱ्याचं, नागेशचं क्षेत्र. ब्रशने पाट्या रंगवायच्या काळापासून तो या धंद्यात होता. पुढे फ्लेक्स आले, संगणक आले, तरी गावातल्या वाढदिवसांच्या फलकांवरच्या गमतीदार ओळी त्याच्याच असत. चौकात त्याचं हसू आधी ऐकू यायचं आणि तो मागून यायचा.

मग मागच्या वर्षी 'मनछाप' नावाचं यंत्र निघालं. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठीच ते बनवलेलं. कपाळाला पट्टा लावायचा आणि ज्या मालाची जाहिरात करायची तो हातात घेऊन त्याचाच विचार करायचा. भज्यांची गाडी असेल तर भजं खायचं. त्या क्षणी मनात जी भावना उठते ती पट्टा टिपतो. कोणत्या रंगाने, कोणत्या वळणाने, किती मोकळ्या जागेने माणसाच्या मनात काय जागं होतं, हे त्या यंत्राला लाखो डोळ्यांचा आणि नाड्यांचा अभ्यास करून ठाऊक झालेलं. मग ते असं चित्र रचतं, की बघणाऱ्याच्या मनात नेमकी तीच भावना उठावी. कारागिरी यंत्राची, मन तेवढं आपलं.

पण त्यासाठी यंत्राला आधी एक गोष्ट लागते. कढईत काय पडलं हे कळायला रिकाम्या कढईचं वजन माहीत हवं. तसं, माणसाचं मन एरवी, काही घडत नसताना, कसं असतं याची एक नोंद यंत्र पहिल्याच दिवशी करून ठेवतं. तिला तळछाप म्हणतात. पुढे दर वेळी यंत्र त्या क्षणाच्या मनातून हा तळ वजा करतं आणि उरलेल्या फरकाचं चित्र काढतं. जो यंत्र वापरणार त्याने एकांतात, दहा मिनिटं शांत बसून तळछाप द्यावी, असं सोबतच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं.

सुरवश्यांकडे यंत्राचं खोकं आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. घेतलं होतं जयमालासाठी. नागेश बाहेर फलक बसवायला गेला, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत जायचं, ते तिने सांभाळावं म्हणून. पण हत्यारांच्या पूजेच्या दिवशी नवं हत्यार घरात असताना त्याचा पहिला मान घरच्या कर्त्याचा, हे काय सांगायला लागतं? कात्र्या, शिड्या, जुने ब्रश मांडले होते. त्यातच पट्ट्याला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं आणि सगळ्यांदेखत तो नागेशच्या कपाळाला बांधला. "आता मेंदू आहे का नाही ते कळंल," असं नागेश म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. यंत्राने दहा मिनिटं आपलं काम केलं. पुढे जयमालाची तळछाप घ्यायची हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पूजा झाली होती, यंत्र चालू झालं होतं, झालं. 'शिकू सावकाश' म्हणत जयमालाने तेव्हा पट्टा लावलाच नाही.

जानेवारीत नागेश गेला. पहाटे झोपेतच, हृदय बंद पडून. जयमाला रडली नाही. बायका म्हणाल्या, रडू दे, मोकळी होऊ दे. ती मोकळी झाली नाही आणि भरलेलीही नव्हती. दिवसकार्य उरकल्यावर पंधरवड्याने तिने दुकान उघडलं, कारण बंद ठेवायचं काही कारण तिला सुचेना. एप्रिल लागल्यावर बाबूरावांनी आणलेला चपलेचा जोड हातात घेतला, पट्टा लावला आणि तो फलक निघाला.

त्यानंतर तिच्याकडे रीघ लागली. क्लासवाल्यांना असा फलक हवा होता, की पालक चौकशा न करता अर्ज भरतील. दातांच्या दवाखान्याला हवा होता, खुर्चीतलं पोर निमूट बसेल असा. साडीवाला, फरसाणवाला, लग्न जमवणारे, सगळे आले. दर फलकावर चित्र निराळं, कुठे साडीची घडी, कुठे रिकामी खुर्ची, पण त्यापुढे उभं राहिल्यावर येणारी गुंगी एकच. मेच्या मध्यापर्यंत कापड चौक आणि त्याला फुटणाऱ्या चारही गल्ल्यांत तिचे फलक झाले. रिक्षावाले हॉर्न वाजवेनात. पोरं खेळण्यांच्या दुकानासमोरून हट्ट न करता जाऊ लागली. बार्शीच्या बाजारात आठ-आठ दिवस भांडण नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे परगावच्या माणसालाही कळलं असतं. गावातल्या माणसांना कळलं नाही, कारण कळून घ्यावंसं त्यांना वाटत नव्हतं.

आपलंच दुःख यंत्रातून बाहेर पडतंय, असं जयमालाला एक-दोनदा वाटून गेलं. पडू दे, असंही वाटलं.

शनिवारच्या बाजारात, सकाळी अकराच्या सुमाराला ती दुकानाच्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभी होती. समोर एक म्हातारा लिंबांची पाटी डोक्यावर घेऊन साडीवाल्याच्या पायऱ्यांवरून जात होता. त्याचा पाय सरकला. तो पायरीच्या कडेवर आपटला आणि लिंबं रस्ताभर झाली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. चौकात तीसेक माणसं होती. सगळ्यांनी बघितलं. एका बाईने लिंबू तुडवलं जाऊ नये म्हणून पाऊल जपून टाकलं आणि ती पुढे गेली. म्हातारा आधी ओरडत होता, मग त्याचीही नजर वरच्या फलकावर गेली आणि तो तसाच, तुटका पाय पसरून, गप्प बसून राहिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागच्या गल्लीत माल उतरवायला आलेला एक ट्रकवाला फलकांकडे न बघताच धावत आला. "अरे, माणसं हायती का धोंडं?" तो सगळ्यांवर खेकसला आणि म्हाताऱ्याला उचलून घेऊन गेला.

जयमाला आत आली. ग्लास विसळायला घेताना तिच्या लक्षात आलं, की तो रिकामा होता. ते सगळं चाललेलं असताना ती चहा पीत होती. शेवटच्या घोटापर्यंत. तिने ग्लास ठेवला आणि यंत्राच्या कंपनीला फोन लावला.

दोन दिवसांनी पुण्याहून मुक्ता पाखरे आली. कंपनीची दुरुस्ती-अभियंता, वय सत्तावीस-अठ्ठावीस, पाठीला पिशवी. चौकातून ती जमिनीकडे नजर लावून चालत आली आणि दुकानात शिरल्यावरच तिने मान वर केली.

"काकू, बसथांब्यापाशी एक फलक बघितला," ती म्हणाली. "बसमधून उतरायचंच राहिलं असतं माझं. कंडक्टरने हाताला धरून उतरवलं."

"यंत्र बिघडलंय का?" जयमालाने विचारलं.

"बघते."

मुक्ताने यंत्राला आपला पडदा जोडला. बराच वेळ ती आकडे वरखाली करत राहिली. मग तिने विचारलं, "नागेश सुरवसे कोण?"

"हे. माझे मालक. जानेवारीत गेले."

"तळछाप त्यांची आहे. तुमची नाहीच."

"पूजा होती ना. पहिला मान त्यांचा." जयमालाने सांगितलं, जसं घडलं तसं, झेंडूच्या माळेपासून.

मुक्ता हसली नाही. "चूक झाली खरी, पण एवढ्याने असं व्हायला नको होतं. दुसऱ्याच्या तळावर तुमचं मन मोजलं, तर फरक वेडावाकडा यायला हवा. चित्र विस्कटून यायला हवं. इथं भलतंच आहे. हे बघा." पडद्यावर एक आडवी रेघ होती, शेजारी दुसरी आडवी रेघ. "तुम्ही काढलेल्या प्रत्येक फलकाच्या वेळी फरक शून्य. यंत्राला तुमच्या मनात आणि त्यांच्या तळात काही वेगळं सापडलंच नाही. आणि फरक सापडला नाही, की यंत्र तळाचंच चित्र काढतं. कोरा कागद देता येत नाही ना त्याला."

जयमालाला अर्थ लागायला वेळ लागला. "म्हणजे गावभर जे लागलंय, ते माझ्या मनातलं नाही?"

"नाही. त्यांच्या मनातलं."

"पण त्या दिवशी तर हे हसत होते. सगळ्यांना हसवत होते."

"हसणं येतं-जातं, काकू. ते फरकात मोजलं जातं. यंत्र सगळं वरचं वरचं गाळून टाकतं. दहा मिनिटांत जे जराही हललं नाही, तेवढंच तळात धरतं." मुक्ता अडखळली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण तिने ते बोलून टाकलं. "काही झालं नसताना, साध्या दिवशी, ते आतून असेच असणार."

 

बावीस वर्षांच्या संसारातलं एखादं भांडण, एखादा मोठा प्रसंग जयमालाने आठवून बघितला. तिला आठवलं ते भलतंच. जेवण झाल्यावर नागेश ताटावर तसाच बसून राहायचा. बोटं वाळून जायची. ती म्हणायची, "हात धुवा, ताट उचलायचंय." तो दचकायचा, काहीतरी विनोद करायचा आणि उठायचा. असं किती वेळा झालं असेल? रोजच. आणि जाण्याआधी तीन दिवस तो छाती चोळत होता. पित्त झालंय म्हणाला. तिने कोकम सरबत दिलं. दुखतंय का, किती दुखतंय, हे तिने विचारलं नाही, कारण विचारावं असं त्याने काही दाखवलंच नाही.

"मला वाटत होतं, हे गेले म्हणून मी अशी झाले," ती म्हणाली.

"हो, तुम्ही चार महिने अशा आहात," मुक्ता हळू आवाजात म्हणाली. "ते किती वर्षं होते, ते यंत्र सांगू शकत नाही."

मग तिने कामाचं सांगितलं. ही तळछाप पुसावी लागेल. गावातले सगळे फलक आजच उतरवावे लागतील. तळछाप यंत्रात राहिली, तर पुन्हा असंच होईल. आणि एकदा पुसली, की ती कुठेही उरत नाही. तिची नक्कल करता येत नाही. "तुम्ही सांगाल तेव्हा पुसते," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

नागेशचे फोटो होते, आवाज होता, हसतानाच्या चित्रफिती तर ढीगभर होत्या. त्या सगळ्यांत तो गावाला दिसायचा तसा होता. खरा तो तेवढा या यंत्रात उरला होता, दहा मिनिटांचा.

"आधी मला दाखवा," जयमाला म्हणाली. "चपला नको, साडी नको. नुसतेच ते."

मुक्ताने पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतः तोंड फिरवलं. पडद्यावर मातकट रंगाखेरीज फारसं काही नव्हतं. जयमाला बघत राहिली. काही दुखत नव्हतं. काही हवं नव्हतं. कुणी हाक मारली असती तर ऐकू आली असती, पण ओ द्यावीशी वाटली नसती. या रंगात बसून असायचे तर हे, ती मनात म्हणाली. माझ्या समोर, पाटावर, हातभर अंतरावर.

तिने पट्टा उचलला आणि कपाळाला बांधला. हातात कुठलाही माल घेतला नाही.

"काकू, काय करताय?"

"बसू दे मला जरा. यांच्याजवळ."

पहिली काही मिनिटं दोन्ही रेघा तशाच होत्या. मग दुसरी रेघ जराशी उचलली गेली. मुक्ता वाकून बघू लागली. रेघ थरथरली, चढली, आणखी चढली. जयमालाच्या मनात आता काहीतरी उठलं होतं. राग होता, नवऱ्यावर आणि स्वतःवर. लाज होती. आणि या सगळ्यांहून मोठी एकच ओढ होती, त्या मातकट रंगात हात घालून त्या माणसाला खांद्याला धरून आपल्याकडे वळवायची.

"फरक येतोय," मुक्ता पुटपुटली. "चित्र धरतंय."

चित्रात एका माणसाची पाठ होती, साध्या शर्टातली. कडेकडून एक हात त्याच्या खांद्याकडे निघालेला, अजून पोचायचा होता. रंगही चार-दोनच. मुक्ता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम जयमालाकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का? बरं आहे ना तुम्हाला?" विचारल्यावर ती स्वतःच गोंधळली. दुरुस्तीला आलेली मुलगी असं कुणाला विचारत नाही.

"नाही," जयमाला म्हणाली. "मला बरं नाही गं." आणि जानेवारीपासून थांबलेलं सगळं रडू तिला तिथेच, काउंटरवर डोकं टेकवून आलं. मुक्ता तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पट्टा काढायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बऱ्याच वेळाने जयमालाने तोंड धुतलं. "हे चित्र राहील ना?"

"राहील. पण असं दुसरं निघणार नाही. त्यांचा तळ आणि तुमचं मन, दोन्ही लागली याला."

"पुसा मग," जयमाला म्हणाली. मुक्ताने पुसलं. कसलाही आवाज झाला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे जुने फलक उतरले आणि बाबूरावांच्या दुकानावर हा एकच चढला. खाली कसलंच नाव नव्हतं. "जाहिरात कशाची म्हणायची ही?" बाबूरावांनी तक्रार केली, कारण त्यांना आता पुन्हा तक्रार करता येत होती. मग ते वर बघत राहिले आणि वळून म्हणाले, "वहिनी, एकटीनं सगळं रेटताय. कसं चाललंय तुमचं? म्हंजे, खरंच इचारतोय."

दुसऱ्या दिवशी चौकात लोक थांबू लागले. भाजीवाली शेजारच्या भाजीवालीला विचारत होती. शाळेतला शिपाई हेडमास्तरांना विचारत होता. कुणी सांगत होतं, कुणाचे डोळे भरत होते. जयमाला दारातून बघत होती.

चहाच्या टपरीशी एक माणूस उभा होता. चाळिशीचा, फरसाणवाल्याकडे हिशेब लिहिणारा गोरख. त्याला त्याच्या मित्राने विचारलं, "काय रे, बरा हायेस ना?"

"मजेत!" गोरख म्हणाला आणि असा खळखळून हसला, की टपरीवरची चार माणसंही हसली. मित्राचं समाधान झालं. तो चहा घेऊन निघून गेला.

जयमालाला ते हसू ओळखीचं वाटलं. तिच्या चित्राने माणसं विचारू लागली होती, पण खरं सांगायला लावील असं चित्र तिच्याजवळ नव्हतं. कुणाजवळच नव्हतं. ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून टपरीशी गेली आणि गोरखच्या समोर उभी राहिली.

"बोला वहिनी," तो हसत म्हणाला.

नागेशला तिने एकदाही विचारलं नव्हतं. पण एकदा 'मजेत' म्हणून झालेला माणूस दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं सांगतो का?

"गोरखभाऊ," तिने विचारलं, "बरे आहात का?"